मत नसलेल्या गावी

ज्या गावच्या मतदारयादीत आपलं नाव नाही, त्या गावात जाऊन दुसऱ्यासाठी मतं मागायची, हा उद्योग मी आयुष्यात एकदाच केला. साल १९९०, महिना फेब्रुवारीचा. विधानसभेची निवडणूक होती. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि 'हा कविता करतो' अशी माझी कॉलेजात थोडी बदनामी झालेली होती. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात, भीमेच्या काठाला. पलीकडच्या काठाला पुणे जिल्ह्यातला इंदापूर तालुका. मधे उजनी धरणाचं पाणी. होडीत बसायचं, पलीकडं उतरायचं, की जिल्हा बदलतो, आमदार बदलतो, एस.टी.चा डेपो बदलतो. भाषा तेवढी तीच राहते. तिकडच्या एका उमेदवाराला 'गाणी-बिणी रचणारा पोरगा' हवा होता. आमच्या एका प्राध्यापकांनी माझं नाव सुचवलं. उमेदवाराचं आणि पक्षाचं नाव इथं सांगत नाही. आकाशवाणीच्या रीतीत ते बसत नाही, आणि उमेदवार पडले, त्यामुळं आता सांगून उपयोगही नाही.

अठरा दिवस मी त्या तालुक्यात होतो. दिवसा जीपमध्ये बसायचं, वर बांधलेल्या भोंग्यातून गाणी म्हणायची. रात्री खळीचा डबा आणि पोस्टरं घेऊन हिंडायचं. शेषनसाहेब अजून निवडणूक आयोगात यायचे होते, त्यामुळं भिंती मोकळ्या होत्या. ज्याच्या हाती गेरूचा डबा आधी लागेल त्याची भिंत. अक्षर बरं म्हणून भिंती रंगवायचं कामही माझ्याकडंच आलं. पत्रकं छापायला बारामतीला जावं लागे. छापखान्यात कागद सुकेपर्यंत मी कऱ्हेच्या काठाला जाऊन बसायचो. मोरोपंत याच गावात राहिले, इथंच १७९४ साली वारले, एवढं मला अभ्यासक्रमामुळं ठाऊक होतं. तेही मूळचे इथले नव्हेत. पन्हाळ्याहून आले आणि बाबूजी नाईकांच्या आश्रयानं बारामतीकर झाले. परगावाहून येऊन इथं शब्द जुळवणारा मी पहिला नव्हे, एवढंच समाधान.

तालुका एकसारखा नव्हता. नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी जिथं पोचतं तिथं ऊस, पक्की घरं, कारखान्याच्या सभासदत्वाच्या गप्पा. कालवा जिथं पोचत नाही तिथं ज्वारी, शेळ्या आणि टँकरची वाट. बागायती गावातला माणूस सभेला उशिरा यायचा, मागं उभा राहायचा आणि मधेच निघून जायचा. जिरायती वस्तीवरची माणसं लवकर येत, पुढं बसत आणि शेवटपर्यंत ऐकत. कारण ती वस्ती पाच वर्षांतून एकदाच कुणाच्या तरी ध्यानात येई.

सांगायची गोष्ट मात्र वेगळीच आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रचार कार्यालयातल्या एका वडीलधाऱ्या कार्यकर्त्यानं मला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवला आणि मायेनं म्हणाला, ''पोरा, गाणं झकास म्हणतोस. पण सभेत नाव सांगताना नुसतं 'कवी' म्हण. पूर्ण नावाची गरज नाही. काही गावं जरा… तुला कळतंय ना?'' मला कळत होतं. त्या माणसाच्या मनात वाईट नव्हतं, हेही कळत होतं. त्याला एकेक मत मोजायचं होतं. मी 'हो' म्हणालो. पुढचे सहा-सात दिवस मी नुसता कवी होतो.

माझ्या घरात आई जात्यावर बसली की ओव्या म्हणायची. त्यात विठोबा यायचा, रुक्मिणी यायची, पीरबाबा यायचा आणि कधी न पाहिलेल्या भावाची घोडीही यायची. घरात आम्ही आपसांत दखनी बोलायचो. पण आईचं सुखदुःख जात्याशी मराठीत निघायचं. मी मराठीत लिहू लागलो ते तिच्यामुळं. त्यासाठी मला कुठली परवानगी काढावी लागली नव्हती. आणि आता त्याच भाषेतलं गाणं म्हणताना नाव गाळायचं होतं.

एका संध्याकाळी महामार्गाजवळच्या वस्तीवर जीप थांबली. चहाच्या टपरीवर एक म्हातारा बसला होता, धोतर, डोक्याला टॉवेल. मुंबईत गिरणीत होता. १९८२च्या संपानंतर गावाकडं आला तो परत गेलाच नाही. माझं गाणं त्यानं ऐकलं होतं.

''कुठलं म्हनायचं तुम्ही?''

''नदीपल्याडचा. करमाळ्याकडचा.''

''नाव काय?''

मी टोपणनाव सांगितलं. तो हसला. ''आरं, बापानं ठिवल्यालं सांग की.''

मी सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ''परळला आम्ही शेखला ऐकलंय. अमर शेख. भोंगा बंद पडला तरी त्यो थांबायचा न्हाई. डोंगरावनं हाक मारल्यावानी आवाज. तुमच्याच बाजूचा, बार्शीचा.'' मग हायवेकडं हात करून म्हणाला, ''अन् गेला हितं. आमच्या इंदापुरात. गाडीला अपघात होऊन.''

अमर शेखांचं नाव मला माहीत होतं. एक-दोन गाणीही माहीत होती. पण ते या रस्त्यावर गेले हे मला माहीत नव्हतं. त्या रात्री मी नीट झोपलो नाही. पुढं बी.ए. झाल्यावर, नोकरी लागल्यावर, जे जे मिळालं ते वाचत गेलो. त्यातलं काही आज तुम्हाला सांगतो.

अमर शेख यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१६चा, बार्शीचा. मूळ नाव महबूब हुसेन पटेल. घरची गरिबी. आईचं नाव मुनेरबी. तिच्याकडं ओव्यांचं आणि लोकगीतांचं धन होतं. पोरानं पाठ्यपुस्तकाआधी ते उचललं. शाळा फार झाली नाही. मोटारीवर क्लीनर म्हणून काम केलं, गिरणीत काम केलं. चळवळीपायी विसापूरच्या तुरुंगात गेले आणि तिथं कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकरांच्या सहवासात साम्यवादाकडं वळले. पुढं कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या चित्रसंस्थेत दाखल झाले. तिथं महबूबचा 'अमर शेख' झाला. आता इथं जरा थांबा. सिनेमावाल्यांनी नाव बदललं, सोपं केलं, गोड केलं. पण त्यातला 'शेख' कुणी झाकला नाही. सिनेमाच्या दुनियेत मुसलमान नटांनी हिंदू वाटावीत अशी नावं घ्यायचा तो काळ होता. त्या काळात हा माणूस आयुष्यभर 'शेख' या नावानं मराठी माणसासमोर उभा राहिला, आणि मराठी माणसानं त्याला 'आपला शाहीर' म्हटलं.

१९४४च्या सुमारास मुंबईत लाल बावटा कलापथक उभं राहिलं. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर ही त्यातली तीन मुख्य माणसं. तिघंही मूळ मुंबईचे नव्हेत. अण्णाभाऊ सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे, शेख बार्शीचे. पोटासाठी शहरात आलेल्या माणसांनी काढलेलं हे पथक होतं, आणि पोटासाठी शहरात आलेलीच माणसं समोर बसून ऐकत होती. बंगालच्या दुष्काळावर अण्णाभाऊंनी पोवाडा रचला. परळच्या कामगारानं बंगालच्या भुकेसाठी रडावं, ही गोष्ट तुम्ही-आम्ही आज सहज घेऊ नये. त्यानं बंगाल पाहिला नव्हता. शाहिरानं त्याला तो दाखवला.

परगावी जाऊन गाण्यातून प्रचार करायची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. सत्यशोधक समाजाचे जलसे गावोगाव हिंडले. भटजीनं आणि सावकारानं शेतकऱ्याला कसं नाडलं हे सोंगं आणून दाखवलं. त्याच वाटेनं पुढं आंबेडकरी जलसे निघाले. भीमराव कर्डकांसारखे जलसाकार बाबासाहेबांचा विचार वस्तीवस्तीत घेऊन गेले. १८९६-९७च्या दुष्काळात टिळकांच्या प्रेरणेनं सार्वजनिक सभेची माणसं खेडोपाडी जाऊन शेतकऱ्याला समजावत होती, की दुष्काळाच्या कायद्यात तुझे काय हक्क आहेत. या साऱ्यांत एक गोष्ट समान होती. सांगणारा परका होता. गावातल्या भावकीत, देण्याघेण्यात, बांधाच्या भांडणात तो कुठंच नव्हता. म्हणून त्याचं बोलणं काही वेळा गावातल्या शहाण्यापेक्षा जास्त ऐकलं जाई. आणि म्हणूनच 'हा कोण आम्हाला शिकवणारा?' हा सवालही त्यालाच पहिल्यांदा पडे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ही रीत कळसाला पोचली. २१ नोव्हेंबर १९५५ला मुंबईत गोळीबार झाला. जानेवारी १९५६मध्ये पुन्हा गोळ्या चालल्या. ६ फेब्रुवारी १९५६ला पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. कॉम्रेड डांगे अध्यक्ष, एस. एम. जोशी सरचिटणीस. १ नोव्हेंबर १९५६ला गुजरातसकट मोठं द्वैभाषिक राज्य माथी आलं आणि १९५७ची निवडणूक त्याच प्रश्नावर लढली गेली. आचार्य अत्र्यांच्या सभांना लाख-लाख माणसं जमत, हे आपण ऐकलेलं असतं. पण नेता गावात पोचायच्या आधी तास-दोन तास माणसं धरून ठेवायची कुणी? ते काम शाहिरांचं. अमर शेख, अण्णाभाऊ, गवाणकर, आत्माराम पाटील. खेड्यात सभा रात्रीच व्हायची, जेवणं उरकल्यावर. गॅसबत्तीचा उजेड, मागं बैलगाड्या. डफावर थाप पडली की पारावरची माणसं उठून यायची. पुढाऱ्याची गाडी कुठं चिखलात रुतली असली, तर शाहिरानं आणखी एक पोवाडा लावायचा.

अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड याच काळातली. मुंबईला निघालेल्या माणसाची बायको गावी राहते, एवढीच वरवरची गोष्ट. पण बेळगाव-कारवार तुटलेला महाराष्ट्र त्यात आपोआप येऊन बसतो. अमर शेखांच्या गळ्यातून ती घरोघर पोचली. घर सोडून आलेल्या माणसानं लिहिली, घर सोडून आलेल्यानं गायली आणि घर सोडून आलेल्यांनी ऐकली. भाषावार राज्याची मागणी आयोगाच्या अहवालात फार रुक्ष दिसते. गिरणगावातल्या माणसाला ती कळली ती या विरहातून.

गोव्याच्या मुक्तीसाठी १९५५मध्ये सत्याग्रही निघाले तेव्हाही हेच झालं. नानासाहेब गोरे, सेनापती बापट यांच्या तुकडीपासून १५ ऑगस्ट १९५५च्या सामूहिक सत्याग्रहापर्यंत पुणे, सातारा, सोलापूर, विदर्भ, कुठून कुठून माणसं परक्या सत्तेच्या हद्दीत चालत गेली. त्यांतली काही परतली नाहीत. गोव्यात त्यांचं शेत नव्हतं, घर नव्हतं. अमर शेखांचं गाणं गोव्यासाठीही होतं. पुढं १९६२ला चीनचं आणि १९६५ला पाकिस्तानचं युद्ध झालं, तेव्हाही त्यांनी डफ खाली ठेवला नाही. जवानांसाठी गायले. १९५८चा 'कलश' आणि १९६३चा 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह. १९६१च्या 'प्रपंच' चित्रपटात अनेकांनी त्यांना पडद्यावर पाहिलं. अत्र्यांनी त्यांना 'महाराष्ट्राचा मायकोव्हस्की' म्हटलं. मायकोव्हस्की हा रशियन क्रांतीचा कवी, चौकात उभा राहून कविता म्हणणारा.

आता थोडं बारामतीकडं येऊ. १९५७मध्ये पश्चिम महाराष्ट्रात समितीची लाट होती. पुण्यात लोकसभेला नानासाहेब गोरे निवडून आले. त्या लाटेतही बारामतीची लोकसभेची जागा काँग्रेसच्या केशवराव जेध्यांनी जिंकली. केशवराव म्हणजे सत्यशोधक चळवळीतून आलेले, शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकी एक आणि नंतर पुन्हा काँग्रेसमध्ये परतलेले. १९५९च्या नोव्हेंबरात ते वारले आणि १९६०मध्ये पोटनिवडणूक आली. काँग्रेसनं त्यांचे चिरंजीव गुलाबराव जेधे यांना उभं केलं. समोर शेतकरी कामगार पक्षाचे उमेदवार होते वसंतराव पवार. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि ही जागा त्यांच्या प्रतिष्ठेची झाली होती.

वसंतरावांचा धाकटा भाऊ तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचा होता, पुण्यात शिकत होता आणि काँग्रेसचं काम करत होता. त्याचं नाव शरद पवार. घर शेतकरी कामगार पक्षाचं. आई शारदाबाई त्याच विचाराच्या. सगळ्या तालुक्याचं लक्ष या पोराकडं लागलेलं. 'लोक माझे सांगाती' या आत्मचरित्रात पवारांनी ही हकीकत सांगितली आहे. थोरल्या भावानंच त्यांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, की तुझा विचार काँग्रेसचा असेल तर माझ्याविरुद्ध प्रचार करायला कचरू नकोस. धाकट्यानं प्रचार केला. गुलाबराव निवडून आले, थोरला भाऊ पडला.

ही हकीकत वाचताना मला दोन गोष्टी जाणवतात. पहिली अशी, की तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं. म्हणजे गावोगाव हिंडून दुसऱ्यांची मतं मागणाऱ्या या पोराला स्वतःचं मत नव्हतं. दुसरी गोष्ट, मी नदी ओलांडून परगावी गेलो. त्यानं आपल्याच गावात, आपल्याच उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. माझ्या मते त्याचा प्रवास लांबचा होता. संध्याकाळी जेवायला त्याच घराकडं तोंड करायचं, हे होडीनं पाणी ओलांडण्याइतकं सोपं नाही. पुढं या घराण्याचं राजकारण कुठून कुठं गेलं, हे सर्वांना माहीत आहे. २०२४च्या लोकसभेला त्याच मतदारसंघात नणंद-भावजयीची लढत झाली, तेव्हा जुन्या माणसांना १९६० आठवलं असणार. त्याबद्दल मत देणं माझं काम नाही. पण 'तुझा विचार तुझ्याजवळ, माझा माझ्याजवळ, आणि भाऊ आपण भाऊच' असं म्हणू शकणारा उमेदवार मला मोठा वाटतो, तो पडला तरी.

आता माझ्या अठरा दिवसांकडं परत येतो. म्हातारा भेटला त्याच्या दुसऱ्या रात्री एका मोठ्या गावात सभा होती. सूत्रसंचालकानं माझी ओळख 'आता कवी गाणं म्हणतील' अशी करून दिली. मी माईकसमोर गेलो आणि माझं पूर्ण नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, गावासकट. स्टेजवर वडीलधारे कार्यकर्ते बसले होते. त्यांच्याकडं बघायचं धाडस मला झालं नाही. समोर शांतता. माझ्या पायातलं बळ गेलं. मग मागून कुणीतरी ओरडलं, ''आरं, आवाज वाढीव की! काय बी ऐकू येईना.'' भोंग्याची वायर सैल झाली होती. माणूस वर चढला, वायर पिळली, खरखर झाली, आणि मी नाव पुन्हा एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं होतं. गाणं झालं. टाळ्या पडल्या, नेहमीइतक्याच.

एवढंच घडलं. त्या रात्री कुणी निषेध केला नाही आणि कुणी मिठीही मारली नाही. त्या गावात आम्हाला मतं किती पडली आणि माझ्या नावामुळं किती गेली, याचा हिशेब काढणं कुणालाच शक्य नाही. गेलीही असतील. वडीलधारे कार्यकर्ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच माझ्या ताटात भाकरी वाढली आणि विषय संपला. पण मला आजही वाटतं, की त्या शांततेला मी जितका घाबरलो होतो, तितकी भीती समोरच्या माणसांच्या मनात नव्हती. ती प्रचार कार्यालयात होती, आणि त्याहून जास्त माझ्यात होती. मतांचं गणित मांडणारा लोकांना नेहमी आहेत त्यापेक्षा लहान समजतो. शाहीर त्यांना आहेत त्यापेक्षा मोठं समजून गातो. दोघांचंही अधूनमधून चुकतं. पण मराठी राज्य ज्या चळवळीनं मिळालं, ती शाहिराच्या अंदाजावर चालली होती.

मतदानाच्या दिवशी मी बूथपासून लांब मांडलेल्या टेबलावर बसून लोकांना यादीतला क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या देत होतो. आता नियम कडक आहेत. प्रचार संपला की बाहेरगावच्या प्रचारकानं मतदारसंघ सोडावा लागतो. तेव्हा कुणी विचारलं नाही. मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं होतं ते १९८९मध्ये. आमच्या गावच्या यादीत माझं नाव पहिल्यांदाच लागलं होतं. आणि त्याच दिवशी पलीकडच्या काठावर, डोळ्यांना दिसणाऱ्या अंतरावर, आमच्या शाळेत मतदान चालू होतं. संध्याकाळी काम आटोपून काठावर आलो, तर शेवटची होडी गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. आई जात्याजवळ बसली होती. शाळा न शिकलेली माझी आई रांगेत उभी राहून मत देऊन आली होती, बोटावरची शाई तिनं मला दाखवली. मग माझा हात हातात घेऊन बोट बघितलं.

''तू मत दिलं न्हाईस?''

''नाही. होडी चुकली.''

''मग इतकं दिवस लोकांना काय सांगत हुतास?''

मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतरच्या एकाही निवडणुकीत मी मत चुकवलेलं नाही. परगावी प्रचाराला मात्र पुन्हा गेलो नाही. नोकरी, संसार, कविता यांत राहून गेलं. कधीकधी वाटतं, गेलो असतो तर बरं झालं असतं. आज प्रचाराला पगारी माणसं मिळतात, मोबाइलवर घरबसल्या हव्या त्या गावाला निरोप जातो. निरोप पाठवणाऱ्याला समोरच्या माणसाच्या घरचं पाणी प्यावं लागत नाही. त्या अठरा दिवसांत मी चाळीस-पन्नास घरांत जेवलो असेन. पिठलं, भाकरी, ठेचा. ज्यांनी वाढलं त्यांतल्या अर्ध्यांनी आम्हाला मत दिलं नसणार, आणि वाढताना त्यांनी ते लपवलंही नाही. 'मत तुम्हाला नाही, पण जेवून जा,' असं तोंडावर सांगणारी माणसं मी तिथंच पाहिली.

१९६९चा पावसाळा महाराष्ट्राच्या शब्दांवर फार कठीण गेला. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ साठे गेले, वय अवघं एकोणपन्नासाच्या आत. आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळ अपघातात अमर शेख गेले. सत्त्याहत्तर दिवसांत तिघंही. ज्यांनी मराठी राज्य गाऊन-बोलून आणलं, त्यांना त्या राज्याची दहा वर्षंही पुरी बघायला मिळाली नाहीत. पोरपणी मोटारीवर क्लीनर असलेला माणूस मोटारीच्याच रस्त्यावर संपला. धाकटी मुलगी मल्लिका तेव्हा बारा वर्षांची होती. पुढं मल्लिका अमर शेख म्हणून तिनं स्वतःची कविता लिहिली. बार्शी इंदापूरपासून शंभर किलोमीटरही नाही. जन्मगाव तिकडं, संसार मुंबईत, आणि शेवट या तालुक्यात, जिथल्या मतदारयादीत त्यांचं नाव कधीच नव्हतं.

तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. मी आता ते वय ओलांडलं आहे. पुण्याहून गावी जाताना अजूनही हाच रस्ता लागतो. भिगवण मागं पडतं, पळसदेव मागं पडतं, इंदापूर येतं. एस.टी.त शेजारी बसलेल्याला मी सांगतो, ''इथं अमर शेख गेले.'' माणूस वयस्कर असेल तर मान हलवतो. तरुण असेल तर बहुतेक वेळा विचारतो, ''कोण अमर शेख?''

मग मी सांगायला लागतो. टेंभुर्णीपर्यंतचं अंतर त्याला बरोबर पुरतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)